खेळा, पण मनगट सांभाळा



आपल्या शाळेत संगणक आहे. बऱ्याच जणांच्या घरी मोबाईल आहे. पावसाळ्यात मैदानात चिखल झाला किंवा उन्हाळ्यात दुपारी बाहेर जायची बंदी झाली, की आपण काय करतो? गेम खेळतो. खेळायला मजा येते, वेळ कसा जातो ते कळत नाही. पण खेळून उठल्यावर कोणाचा अंगठा ठणकतो, कोणाचे मनगट दुखते. डोळे खराब होतील असे घरोघरी सांगतात. मनगटाबद्दल मात्र कोणी बोलत नाही. म्हणून मी हा विषय घेतला आहे. मनगट का दुखते, दुखू नये म्हणून काय करावे, आणि दुखलेच तर काय करावे, हे मी सांगणार आहे. ही माहिती गुरुजींना आणि शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरांना विचारून लिहिली आहे.

मनगटात काय काय असते?

मनगटात ८ लहान लहान हाडे असतात. तळहातात ५ आणि बोटांत १४. बेरीज करा. एका हातात २७ हाडे झाली. एवढ्याशा हातात एवढी हाडे!

आता हाडे आपली आपण हलत नाहीत. त्यांना स्नायू ओढतात. पण गंमत अशी, की बोटे जोरात मिटवणारे मोठे स्नायू बोटांत नसतातच. ते असतात कोपर आणि मनगट यांच्या मध्ये. तिथून लांब लांब चिवट दोऱ्या निघतात आणि मनगटातून बोटांपर्यंत जातात. त्यांना स्नायूरज्जू म्हणतात. बैलगाडीत गाडीवान मागे बसतो आणि कासरा ओढतो, तेव्हा पुढे बैल वळतो. तसेच आहे हे. गाडीवान म्हणजे स्नायू, कासरा म्हणजे स्नायूरज्जू आणि बैल म्हणजे बोट. मी पुढे त्याला नुसती दोरी म्हणणार आहे, म्हणजे समजायला सोपे.

खोटे वाटते? मग हे दोन प्रयोग आत्ता इथेच उभे राहून करा.

प्रयोग पहिला : डाव्या हाताने उजवा हात कोपराच्या थोडा खाली धरा. आता उजव्या हाताची बोटे मिटा, उघडा, मिटा, उघडा. डाव्या हाताखाली काहीतरी हलतंय ना? तेच बोटांचे स्नायू.

प्रयोग दुसरा : मनगट सरळ ठेवून मूठ घट्ट आवळा. किती जोर आहे ते बघा. आता मनगट तळहाताकडे पूर्ण वाकवा आणि परत मूठ आवळा. नीट आवळत नाही! जोर गेला कुठे? मनगट वाकल्यावर दोऱ्यांची ओढ बरोबर बसत नाही. म्हणून तेच काम करायला हाताला जास्त कष्ट पडतात. हा प्रयोग लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

अरुंद बोगदा

मनगटाच्या तळहाताकडच्या बाजूला एक अरुंद बोगदा असतो. खाली हाडे आणि वरून जाड पट्टा. या बोगद्यातून ९ दोऱ्या आणि १ मोठा मज्जातंतू जातो. बाजाराच्या दिवशी जीपमध्ये माणसे बसतात तशी आत दाटी असते. दोऱ्या सरकताना घासू नयेत म्हणून त्यांच्यावर बुळबुळीत आवरण असते. पण फार वेळ एकसारखे सरकवले की आवरण चिडते, सुजते. जीपमधला एक माणूस फुगला तर बाकीचे चेंगरणारच! मग मज्जातंतू दबतो. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटे आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना मुंग्या येतात. करंगळीला येत नाहीत, कारण तिचा मज्जातंतू दुसऱ्या वाटेने जातो. हा मज्जातंतू दबण्याचा आजार लहान मुलांना क्वचितच होतो. आपले बहुतेक वेळा नुसत्या ताणाने दुखते. पण ताण रोज दिला तर साधे दुखणेसुद्धा महिनोन्‌महिने राहते.

गेमनेच का दुखते?

कबड्डी खेळताना पळतो, वाकतो, ओढतो. सगळे अंग काम करते. विटीदांडूतसुद्धा टोला मारला की धावावे लागते. गेममध्ये तसे नाही. सगळे अंग दगडासारखे गप्प आणि एकटा अंगठा नाहीतर एकटे बोट शेकडो वेळा तीच हालचाल करते.

तुम्ही म्हणाल, लिहितानाही तेच होते. होते ना. पण लिहिताना पान संपते, पेन्सिलीला टोक करावे लागते, गुरुजी प्रश्न विचारतात, मग हात थांबतो. गेममध्ये पान संपत नाही. एक डाव झाला की दुसरा आपोआप समोर येतो.

दुसरे कारण म्हणजे वाकडे मनगट. विहिरीवरचा दोर कप्पीवरून सरळ गेला तर पुष्कळ दिवस टिकतो. तोच काठाच्या दगडावर घासत गेला तर विरतो. आमच्या गावातल्या जुन्या विहिरीच्या दगडावर दोराने खाचा पडल्या आहेत. दगडाची ही दशा, मग दोराची काय झाली असेल! मनगट वाकडे करून खेळणे म्हणजे दोर काठावर घासणे.

तिसरे कारण म्हणजे जोर. डाव हरायला आला की आपण बटण जोरजोरात दाबतो, मोबाईल गच्च धरतो. जोरात दाबले म्हणून गेम काही जास्त पळत नाही. हात मात्र दुखतो.

हे दुखणे जुने आहे

इटली देशात बर्नार्दिनो रामाझिनी नावाचे एक डॉक्टर होऊन गेले. त्यांनी १७०० साली कामामुळे होणाऱ्या आजारांवर मोठे पुस्तक लिहिले. १७१३ साली त्यात भर घातली. तेव्हा संगणक कुठला? पण दिवसभर लिहिणाऱ्या कारकुनांचे हात दुखतात, हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवले आहे. त्यात एका लिहिणाऱ्या माणसाची गोष्ट आहे. त्याचा उजवा हात निकामी व्हायला लागला, म्हणून तो डाव्या हाताने लिहायला शिकला. तर पुढे डावाही तसाच झाला! म्हणजे नुसता हात बदलून भागत नाही. विश्रांतीच द्यावी लागते.

रामाझिनी यांनी डॉक्टरांना सांगितले, की रोग्याला आणखी एक प्रश्न विचारत जा : तुम्ही काम काय करता?

१९७८ साली जपानमध्ये स्पेस इन्व्हेडर्स नावाचा गेम निघाला. १९८१ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात त्या गेममुळे मनगट दुखल्याचे पत्र छापून आले. १९९० साली त्याच नियतकालिकात एका ३५ वर्षांच्या बाईंची हकिकत आली. त्या निन्टेंडो हा व्हिडिओ गेम सलग ५ तास खेळल्या आणि त्यांचा अंगठा फार दुखायला लागला. डॉक्टरांनी त्या दुखण्याला गमतीने निन्टेंडिनायटिस असे नाव दिले. बघा, मोठ्या माणसांनाही होते. नुसते मुलांना बोलून उपयोग नाही.

२०१५ सालची हकिकत मात्र गमतीची नाही. अमेरिकेतला २९ वर्षांचा एक माणूस ६ ते ८ आठवडे दिवसभर मोबाईलवर जुळवाजुळवीचा गेम खेळत होता. उजव्या हाताने दुसरी कामे करायचा आणि डाव्या हाताने गेम. शेवटी त्याच्या डाव्या अंगठ्याची दोरी तुटली. अशी दोरी तुटताना खूप दुखायला पाहिजे. पण खेळताना त्याला तेवढे दुखले नव्हते. डॉक्टरांना वाटले, की खेळाच्या नादात दुखणे कमी जाणवत असावे.

मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वात महत्त्वाची वाटते. पायात काटा मोडला तर आपण लगेच थांबतो. गेममध्ये हात दुखत असतो पण कळत नाही. म्हणून दुखायला लागल्यावर थांबू, असे म्हणून चालणार नाही. दुखायच्या आधीच थांबायचे.

आमच्या दादाचे काय झाले

माझ्या थोरल्या काकांचा मुलगा नववीत आहे. तो रात्री गोधडीत पालथा पडून मोबाईलवर लढाईचा गेम खेळायचा. त्याचा उजवा अंगठा आणि मनगट दुखायला लागले. त्याने कोणाला सांगितले नाही. का? तर सांगितले की मोबाईल जाणार आणि वर बोलणी बसणार. सहामाही परीक्षेत त्याचा पेपर अर्धा राहिला. येत होते सगळे, पण पेन धरवेना. तरी गप्प. मग एका सकाळी धार काढून येताना दुधाची बादली हातातून निसटली. काकू ओरडल्या, "अरे, लक्ष कुठंय तुझं?" तेव्हा तो रडला आणि म्हणाला, "हात दुखतोय गं, दीड महिना झाला."

काका त्याला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी विचारले, काय काय काम करतोस, काय खेळतोस, किती वेळ खेळतोस? रामाझिनी यांचाच प्रश्न! दादाने खरे सांगितले. हाताला आधाराची पट्टी बांधली, गेम बंद, धार काढणेही बंद. बरे व्हायला पाच आठवडे लागले. तेवढे दिवस काकूंनी एकट्याने चार म्हशींची धार काढली. दादा म्हणतो, पहिल्या दिवशी सांगितले असते तर आठ दिवसांत बरे झाले असते.

दुखू नये म्हणून काय करावे?

संगणकावर बसताना :

१) मनगट सरळ ठेवावे. वर, खाली, बाजूला वाकवू नये. दुसरा प्रयोग आठवा.

२) टेबल उंच आणि आपण बुटके, असे झाले तर हात वर ओढला जातो. खुर्चीवर घडी केलेले पोते किंवा उशी घ्यावी. कोपर टेबलाच्या बरोबरीने यावे. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट किंवा विटा ठेवाव्यात.

३) मनगट टेबलाच्या कडेवर दाबून ठेवू नये. तीच विहिरीची कड समजा.

४) माउस हलवताना नुसते मनगट वळवू नये. कोपरापासून हात हलवावा. माउस चिमणीच्या पिल्लासारखा हळू धरावा.

मोबाईलवर खेळताना :

५) मोबाईल एका हातात धरून त्याच हाताच्या अंगठ्याने खेळू नये. दोन्ही हात वापरावेत. नुसते बघायचे असेल तर मोबाईल तांब्याला टेकवून ठेवावा.

६) पालथे पडून किंवा कुशीवर झोपून खेळू नये. मनगट हमखास वाकते.

७) अंगठा फार ताणून कोपऱ्यातले बटण दाबू नये. गच्च धरू नये.

सर्वांसाठी :

८) वीस मिनिटे झाली की पाच मिनिटे थांबावे. आठवण राहत नाही, म्हणून खेळायच्या आधीच गजर लावावा. गजर झाला की डाव अर्धा असला तरी थांबावे. हा नियम सर्वात अवघड आहे. पण हाच सर्वात उपयोगी आहे.

९) थांबल्यावर दुसरा गेम बघत बसू नये. उठावे, पाणी प्यावे, अंगणात एक चक्कर मारावी.

१०) खूप लिखाण झाले असेल किंवा दिवसभर कापूस वेचला असेल, तर त्या दिवशी गेम कमी खेळावा. मनगट एकच आहे. लिखाण, काम आणि गेम, सगळे त्याच्याच खात्यावर लिहिले जाते.

११) मैदानावर रोज खेळावे. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे तरी चांगला दम लागेल असे खेळावे, पळावे. बसून खेळलेला गेम त्यात धरत नाहीत!

हाताची कवायत

एक. उजवा हात समोर सरळ करा. रस्त्यावर पोलीस गाडी थांबवतो तसा तळहात पुढे. डाव्या हाताने उजवी बोटे हळूच आपल्याकडे ओढा. मनात १ ते १५ म्हणा. सोडा.

दोन. आता बोटे जमिनीकडे करा आणि हाताची मागची बाजू हळूच आपल्याकडे ओढा. परत १५ म्हणा.

तीन. पाची बोटे फाकवा, मग हळू मूठ मिटा. असे दहा वेळा.

चार. खांदे वर, मागे, खाली असे पाच वेळा फिरवा.

मग हात बदला. ओढताना गोड ताण बसला पाहिजे, कळ येता कामा नये. कळ आली तर सोडून द्या. ज्याचा हात आधीच दुखतोय त्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही कवायत करू नये.

दुखलेच तर?

पहिले काम, गेम बंद. "एवढा एक डाव" नाही.

दुसरे काम, घरी सांगा. आईला, वडिलांना, आजीला, ज्याला सांगावेसे वाटेल त्याला. शाळेत असाल तर गुरुजींना.

तिसरे, थंड पाण्यात भिजवलेले फडके दुखऱ्या जागेवर १० ते १५ मिनिटे ठेवा. बर्फ असेल तर फडक्यात गुंडाळून घ्या. नुसता बर्फ कातडीवर ठेवू नका.

चौथे, हाताला आराम द्या. पण दोरीने किंवा चिंधीने घट्ट आवळून बांधू नका. रक्त अडते. खसाखसा चोळू नका आणि झटका देऊन ओढायला कोणाला देऊ नका.

पाचवे, घरातल्या डब्यातली मोठ्या माणसांची गोळी आपल्या मनाने घेऊ नका.

सहावे, बरे वाटल्यावर एकदम पहिल्यासारखे खेळू नका. आधी दहा मिनिटे. दुसऱ्या दिवशी दुखले नाही तर थोडे वाढवा.

डॉक्टरांकडे केव्हा जावे? मनगट सुजले, लाल झाले, मुंग्या येतात, बोटे बधिर होतात, रात्री दुखण्याने जाग येते, वस्तू हातातून पडते, किंवा आठ दिवस आराम करूनही थांबत नाही, तर आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. पडल्यामुळे दुखत असेल तर आठ दिवस थांबू नये, त्याच दिवशी जावे. आणि डॉक्टरांनी विचारले किती वेळ खेळतोस, तर खरे सांगावे. दोन तासांचे दहा मिनिटे करू नये. डॉक्टरांना खरे कळले नाही तर औषध बरोबर कसे देणार?

पालकांना विनंती

आई-वडिलांनो, तुम्ही मोठे आहात, तरी एक विनंती करतो. मुलाने हात दुखतोय असे सांगितले, तर पहिल्या झटक्यात "खेळ अजून गेम!" असे म्हणू नका. आधी हात बघा. रागवायचे असेल तर नंतर रागवा. पहिल्यांदाच बोलणी बसली की मूल दुसऱ्यांदा सांगत नाही, आणि दुखणे आत वाढत राहते. वेळेचा नियम जरूर करा, पण तो दुखायच्या आधी करा.

आणि तुमचाही हात बघा. अंगठ्याच्या बाजूने मनगट दुखण्याच्या एका आजाराला द केर्व्हां या स्विस डॉक्टरांचे नाव आहे. त्यांनी १८९५ साली त्याची माहिती लिहिली. हा आजार लेकुरवाळ्या बायांना पुष्कळ होतो, कारण बाळाला पुन्हा पुन्हा उचलावे लागते. धुणे पिळणे, खुरपणी, धार काढणे, या सगळ्यात तीच दोरी ओढली जाते. हा लेख लिहिताना मी आईला विचारले, तुझा हात दुखतो का? ती म्हणाली, "दुखतो की, कुणी विचारलंच नाही." आता आमच्या घरी धुणे पिळायला मी एक टोक धरतो आणि आई दुसरे.

मित्रांनो, गेम वाईट नाही. हात मात्र दोनच आहेत. त्याच हाताने लिहायचे, त्याच हाताने भाकरी मोडायची, त्याच हाताने कबड्डीत गडी धरायचा आणि त्याच हाताने गेमही जिंकायचा. म्हणून त्याला जपू या. शेवटी मी केलेल्या घोषणा देऊन लेख संपवतो. वर्गात सर्वांनी मोठ्याने म्हणाव्यात.

मनगट सरळ, पकड हलकी!
गजर वाजला, मोबाईल खाली!
दुखले तर लपवू नका, सांगायला लाजू नका!

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा